डावा खांब, उजवा खांब आणि सुभेदार जगदाळे

सुभेदार यशवंतराव जगदाळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. उरलेले सुभेदार छताची फळी सरकवून आत शिरलेले होते. नव्वदच्या दशकाची अखेर, दोह्यातला मे महिना, आणि आमच्या क्रीडावाहिनीच्या हिंदी स्टुडिओचा एसी ऐन सामन्याच्या वेळी बंद पडलेला. स्टुडिओ म्हणजे काय हो, एक खोली, एक टेबल, एक मॉनिटर. युरोपातले आइस हॉकीचे सामने उपग्रहावरून त्या मॉनिटरवर यायचे आणि आमचे समालोचक दोह्यात बसून त्यांच्यावर हिंदीत बोलायचे. सगळं थेट. मी नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि माझं काम चिठ्ठ्यांचं. खेळाडूचा नंबर दिसला की त्याच्या नावाची चिठ्ठी समालोचकापुढे सरकवायची.

समालोचक होते ते गृहस्थ क्रिकेटमधले. त्यांचं नाव सांगत नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. बरं, थोडा आहे. सामन्याचं शेवटचं मिनिट चालू होतं, एक संघ एका गोलने मागे होता, आणि अचानक त्या संघाचा गोलकीपर आपला गोल उघडा टाकून सुसाट बाहेर निघाला. आमचे गृहस्थ गंभीर आवाजात म्हणाले, "लगता है गोलकीपर घायल हो गए हैं. आइए, हम सब उनके लिए दुआ करें."

तेवढ्यात छतातून खणखणीत आवाज आला, "घायल न्हाय ओ! मुद्दाम काढलाय त्याला! गडी वाढवलाय, दिसंना व्हय?"

हे वाक्य, अस्सल माणदेशी मराठीत, अख्ख्या आखातात प्रक्षेपित झालं. काचेपलीकडून आमचे विभागप्रमुख नबीलसाहेब धावत आले. ते बैरूतचे, तापट, आणि छतातून कुणी समालोचन करतंय हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. सुभेदारांना खाली बोलावलं. खांद्यावर धूळ, हातात पाना, हनुवटीवर आडवा जुना व्रण. पण शिडीवरून उतरताउतरताही त्यांची नजर मॉनिटरवरच होती. तेवढ्यात त्या जादा आलेल्या खेळाडूनेच गोल केला आणि सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम! झालं का न्हाय काम!"

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, कारण हे पुढे लागणार आहे. बर्फावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण असतात, त्यातला एक गोलकीपर. सामना हातचा जायला लागला की शेवटच्या मिनिटाला काही संघ आपल्या गोलकीपरलाच बाहेर काढतात आणि त्याच्या जागी गोल करणारा एक जादा गडी आत पाठवतात. मागे गोल मोकळा पडतो. जुगारच म्हणायचा. नबीलसाहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला कसं ठाऊक?" सुभेदारांनी पाना खिशात ठेवला आणि आपल्या पलटणी हिंदीत सांगितलं की आम्ही सात हिवाळे गोल राखलाय, साहेब. पुढच्या शुक्रवारी नबीलसाहेबांनी त्यांना माईकसमोर बसवलं. दुपारपर्यंत एसीच्या यंत्रांच्या, म्हणजे चिलरच्या खोलीत, संध्याकाळी स्टुडिओत, असा त्यांचा शुक्रवार तेव्हापासून ठरून गेला.

आता माण तालुक्यातला माणूस बर्फावर कसा पोचला, हा प्रश्न मलाही पडला होता. दहिवडीच्या बाजूला पाणीच जिथे दिसायची मारामार, तिथे बर्फ कुठला! सुभेदारसाहेब लष्करात भरती झाले ते रेफ्रिजरेशन मेकॅनिक म्हणून, आणि बदली झाली लेहला. ते स्वतःच हसत सांगतात, "जिथं हवाच बर्फ करती तिथं फ्रिजचा मेकॅनिक. साहेबांना काय करावं कळंना माझं." हिवाळ्यात तिथले जवान गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळायचे. संध्याकाळी डब्यांनी पाणी ओतून ठेवायचं, सकाळी आरशासारखा बर्फ तयार. एका अधिकाऱ्यांनी यांच्या रुंद खांद्यांकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "आडवा गडी आहे, गोलात उभा करा." पायांना गादीचे तुकडे सुतळीने बांधून सुभेदारसाहेब उभे राहिले. तोंडाला मुखवटा नव्हताच. पहिल्याच आठवड्यात ती रबरी चकती, तिला पक म्हणतात, हनुवटीवर बसली. टाके घातले, आणि चौथ्या दिवशी गडी परत गोलात!

पेन्शन घेऊन ते दोह्यात आले ते चिलर फोरमन म्हणून. सौ. शालिनीकाकूंसह मदिनत खलीफामधल्या एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार थाटला. गुडघे लेहनेच खाऊन टाकले होते. जिना उतरताना आजही ते कठड्याला धरून आडवे उतरतात. पण खेळ त्यांच्या अंगातून गेला नव्हता. तो नुसता बसून होता, छतात.

त्यांच्या समालोचनाची रीत दोह्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहिलं पाहिजे. खेळ सुरू होण्यापूर्वी ते टेबलाच्या डाव्या कडेवर एक टिचकी मारत, मग उजव्या कडेवर. गोलकीपर आपल्या काठीने दोन्ही खांब असेच ठोकतात. पाठीमागे पाहता येत नाही, तर खांब कुठे आहेत ते हाताला कळावं म्हणून. हेडफोन घालूनही त्यांना ती टिचकी लागायचीच. एकदा टेबल बदललं, नवं टेबल रुंद निघालं आणि डावी कड हाताला येईना, तर साहेब सगळा पहिला भाग बेचैन. दुसऱ्या दिवशी जुनं टेबल स्वतः उचलून आणलं.

आणि दुसरी रीत म्हणजे ते कधी "गोऽऽल" असं ओरडले नाहीत. कधीच नाही! पक अडवला गेला की खुर्चीतून उडायचे, "रोका! अरे क्या रोका! शाब्बास मेरे शेर!" पण गोल झाला की आवाज एकदम खाली यायचा आणि ते तीनच शब्द बोलायचे, "देर हो गई." बस्स. जगातला कुठलाही गोल त्यांना गोलकीपरच्या जागेवरूनच दिसायचा. नबीलसाहेब डोक्याला हात लावायचे. "सगळं जग गोल झाल्यावर नाचतं, आणि हा माणूस शोकसभा भरवतो!"

पण लोकांना ते आवडलं की हो! उम्म सलाल मोहम्मदला हमीदभाई परकारांचं किराणा दुकान आहे. मूळचे दापोलीकडचे. शुक्रवारी संध्याकाळी तिथे टीव्हीसमोर उभं राहायला जागा नसायची. बर्फ फक्त सरबतात पाहिलेली ती मंडळी ऑफसाइडवर वाद घालायची. पाव संपले की हमीदभाई गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगायचे, "देर हो गई." एकदा मी तिथे तांदूळ घ्यायला गेले तर मला म्हणाले, "बाय, तुमच्या सुभेदारास्नी सांगा, ते बोलतात तवा आमास्नी वाटतं गोलात आमीच हुबे हाव." मी हा निरोप सांगितला. त्या संध्याकाळी सुभेदारसाहेबांची टेबलावरची टिचकी जरा जोरातच वाजली.

आता माझ्याबद्दल थोडं. मी नाशिकची. नवरा गॅस प्रकल्पावर इंजिनिअर, आणि आम्ही राहायचो अल थुमामाला. नोकरी लागण्यापूर्वीची चार वर्षं मी खिडकीत बसून उतरणारी विमानं मोजली आहेत. खोटं वाटेल, पण आवाजावरून विमान कुठून आलं ते ओळखायला लागले होते! चिठ्ठ्या लिहिण्याची ती नोकरी लहान असेल, पण माझी होती. मनातून मला बोलायचं होतं, माईकवर. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुभेदारसाहेबांनी ओळखलं कसं, देव जाणे.

एका सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर पाणी शिंपडलेलं, दोन बाजूंना मसाल्याचे दोन-दोन डबे उभे, आणि मध्ये कुंकवाच्या डबीचं झाकण. शालिनीकाकू ओट्याशी उभ्या राहून कपाळाला हात लावताहेत. "आगं, कालपास्नं हळद सापडंना मला. ह्यांच्या गोलाचा खांब झालीया!" साहेब स्वतः गुडघे दुखत असताना फरशीवर बसले आणि झाकण सरकवत मला म्हणाले, "बोल." मी म्हटलं, काय बोलू? "जे दिसतंय ते. आन् जे व्हायचंय ते, व्हायच्या आदुगर." असे किती रविवार गेले! झाकण सुटलं की मी बोलायचं, आणि मी मागे पडले की ते झाकण उचलून घ्यायचे. पुन्हा पहिल्यापासून. दोनदा त्यांनी नबीलसाहेबांना सांगून पाहिलं, या मुलीला एकदा बोलू द्या. दोन्ही वेळा उत्तर एकच. ती चिठ्ठ्या लिहिते, तिला चिठ्ठ्या लिहू द्या.

आणि त्या चिठ्ठ्यांनीच घात केला.

मोठ्या स्पर्धेचा उपान्त्य सामना होता. आदल्या सामन्यात एक संघ लाल जर्सीत खेळला होता, म्हणून मी त्या संघाच्या सगळ्या चिठ्ठ्या लाल शाईने लिहून शहाण्यासारख्या तयार ठेवल्या. आइस हॉकीत सामन्यागणिक जर्सीचा रंग बदलू शकतो, हे मला साहेबांनी स्वतः शिकवलं होतं. त्या दिवशी नेमका तोच संघ पांढऱ्या जर्सीत उतरला आणि समोरचा लाल. मी बघितलंच नाही. एकोणीस नंबरचा लाल दिसला, लाल चिठ्ठी सरकवली. साहेबांनी विश्वासाने वाचली. अकरा मिनिटं आम्ही दोन्ही संघांची सगळी माणसं उलटीपालटी करून टाकली! गोल झाला तेव्हा साहेबांनी हळहळून "देर हो गई" म्हटलं ते ज्यांनी गोल मारला त्यांच्यासाठी. मग पडद्यावर गुणफलक आला, तेव्हा कुठे मी जर्सीचे रंग बघितले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग माईकमध्ये म्हणाले, "माफ़ कीजिए. गलती मेरी है. रंग मैंने उल्टे पढ़े." आणि चिठ्ठ्या बाजूला सारून उरलेला सामना नुसत्या नंबरांवर काढला.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन ढसाढसा रडले. ते करक चहाचे दोन कप घेऊन आले, समोर बसले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही का सांगितलंत तुमची चूक म्हणून? त्यांनी चहात फुंकर मारली. "गोल झाला की लाल दिवा पेटतो, तो कुणाच्या मागं आसतो? गोलकीपरच्या. पुढच्या गड्यानं पक सोडला आसंल, न्हाईतर घसरला आसंल. दिवा माझ्याच मागं पेटनार. त्यात रडायचं काय? चा पी." चहा मी प्यायले, पण झोप काही लागली नाही. वरच्या साहेबांकडे तक्रार गेली होती आणि सुभेदारसाहेबांना अंतिम सामन्यावरून काढणार अशी कुजबुज सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट नबीलसाहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, चूक माझी होती, चिठ्ठ्या मी लिहिल्या, काढायचं तर मला काढा. नोकरी जाणार हे धरूनच गेले होते. नबीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की हसावं की ओरडावं हे त्यांचं ठरत नसावं. "काल याच खुर्चीत बसून ते मला सांगून गेले की चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिल्या. इतक्या सुबक अक्षरात? मी त्यांची सही पाहिली आहे!" मग ते उठले, खिडकीशी गेले. वरून आलेला निरोप त्यांनी सरळ सांगितला. शुक्रवारी अंतिम सामना. पुन्हा घोटाळा झाला तर हिंदी समालोचन खलास, आणि त्याबरोबर तुम्ही दोघेही. "इन्शाल्ला, तसं होणार नाही," असं म्हणून त्यांनी मला हाताने जायला सांगितलं.

शुक्रवार उजाडला. बाहेर धुळीचा वारा, दोह्याचं आकाश पिवळं झालेलं, आणि आमच्या मॉनिटरवर पांढराशुभ्र बर्फ! चिठ्ठ्या मी तीन वेळा तपासल्या. रंगाने नाही, संघाच्या नावाने लावल्या. साहेबांनी डावीकडे टिचकी मारली, उजवीकडे मारली, आणि सुरू झाले. अहो, काय बोलले त्या दिवशी! त्या दिवशीच्या लाल जर्सीवाल्यांचा गोलकीपर आडवा झेपावला तेव्हा साहेब इकडे खुर्चीत आडवे झाले. एकही नाव चुकलं नाही. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा पांढऱ्या जर्सीवाले एका गोलने मागे होते, आणि त्यांच्या प्रशिक्षकाने हात वर केला. पांढऱ्यांचा गोलकीपर गोल सोडून बाहेर धावला. जादा गडी आत आला.

सुभेदारसाहेबांनी टेबलाच्या दोन्ही कडा ठोकल्या. हेडफोन काढला. आणि उठले!

मला वाटलं त्यांना काही होतंय. तो हेडफोन त्यांनी माझ्या डोक्यावर चढवला, माईक माझ्याकडे वळवला आणि कानाशी वाकून म्हणाले, "आता गोल करायचाय. ते माझं काम न्हाय." काचेपलीकडे नबीलसाहेब उभे राहिले होते, दोन्ही हात डोक्यावर. दोन सेकंद गेले. चार सेकंद. आखातभर आमच्या वाहिनीवर नुसता बर्फ घासल्याचा आवाज. "बोल की पोरी! मागं गोल मोकळा हाय!"

आणि मी बोलले. कसं बोलले ते विचारू नका, फरशीवरचं झाकण तेवढं डोळ्यांपुढे होतं. पक डावीकडे, पास मागे, लालवाल्याने हिसकावला, मोकळ्या गोलाकडे लांबून टोलवला, मी "नहीं नहीं नहीं" म्हणत राहिले, तो खांबाला घासून बाहेर गेला! परत पांढऱ्यांकडे. आठ सेकंद. सहा. गोलापुढे झुंबड, काठ्यांचा खडखडाट, कुणीतरी पाडलं, कुणीतरी पडूनच ढकलला, आणि मी सगळी हिंदी विसरून ओरडले, "गेला! गेला! अगं बाई, आत गेला!"

गोलाच्या पाठीमागे लाल दिवा पेटला. बरोबरी! मी उभी होते, माझ्या गालांवर पाणी होतं, आणि सुभेदारसाहेब भिंतीला टेकून असे हसत होते की हनुवटीवरचा व्रण सरळ झाला होता. मग त्यांनी शांतपणे हात पुढे केला. जादा वेळेचा खेळ सुरू होणार होता, पांढऱ्यांचा गोलकीपर परत आपल्या गोलात येऊन खांब ठोकत होता. "आण हिकडं. आता परत थांबवायचंय, ते माझं." त्यांनी हेडफोन घातला. पांढरे शेवटी हरले. "देर हो गई," साहेब म्हणाले, आणि सामना संपला.

नबीलसाहेब आत आले ते लालबुंद चेहऱ्याने. आता आमची पाठवणी, असं मी धरून चालले होते. त्यांनी मला विचारलं, "ती कोणती भाषा होती?" मी म्हटलं, मराठी. "अर्थ काय त्याचा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अर्थ मलाही कळला होता. वर बसलेल्यांनाही कळला. पुढच्या शुक्रवारी दोघं बसा, पण तू हिंदीत ओरड. यल्ला, घरी जा." दाराबाहेर फोन वाजतच होते. पहिला हमीदभाईंचा. "काय वरडलीस गो बाय! दुकानात साखर सांडली नि कुणी उचलाय वाकलं नाय!"

त्यानंतरची सगळी वर्षं आम्ही दोघं एका टेबलाशी बसलो. अडवाअडवी त्यांची, गोल माझे. नवं शतक आलं, मॉलमध्ये बर्फाचं मैदान झालं, तेव्हा आपल्या मंडळातल्या मुलांना घेऊन साहेब तिथे जायला लागले. आपली मुलं तुम्हाला माहीत आहेतच, मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत. पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना खेळायला शिकवलंच नाही, फक्त पडायला शिकवलं. तासभर सगळी मुलं पडत होती. "अंकल, व्हेन डू वी प्ले?" "आदुगर नीट पडा, मग खेळा." माझी मुलगी सायली, तेव्हा नऊ वर्षांची, घरी येऊन निळी ढोपरं दाखवत मला म्हणाली, "आई, आय फेल थर्टी टाइम्स अँड अंकल सेड शाब्बास!" दुखऱ्या गुडघ्यांनी ते स्वतः बर्फावर उभे राहून त्या पोरांचे फटके अंगावर घेत. एखादीचा पक मुद्दाम पायाखालून आत जाऊ देत, आणि एवढ्या वर्षांत समालोचनात जे कधी केलं नाही ते तिथे करत. हात वर करून ओरडत, "गोऽऽल!" मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

यंदा साहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली. इथे साठी म्हणजे आपल्याला ठाऊकच आहे, कामाचा परवाना संपतो आणि सामान बांधावं लागतं. गेल्या महिन्यात त्यांनी शेवटचा सामना केला. मी खरं सांगते, त्या दिवशी मी नीट वागले नाही. सकाळपासून सगळ्यांवर चिडत होते, चिठ्ठ्या लिहिणाऱ्या नव्या मुलीला उगाच बोलले. शेवटचं मिनिट आलं, कुणीतरी गोलकीपर बाहेर काढला, आणि साहेबांनी नेहमीप्रमाणे दोन टिचक्या मारून हेडफोन उतरवला. पण या वेळी तो माझ्याकडे दिला नाही. त्या नव्या मुलीच्या डोक्यावर ठेवला. ते माझ्या कानात म्हणाले, "तुझं आता गोलकीपरचं वय झालं. तू थांबव, ती गोल करंल." मी रडले, पण हसूही आलं. मला अजून चाळिशीही लागली नाही हो, आणि माझं वय झालं म्हणे!

मंडळाने या अंकासाठी मला लेख मागितला तेव्हा शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितलं होतं. तर साहेब, ऐका. तुम्ही शंभरी गाठायची आहे, त्याहून कमी आम्ही चालवून घेणार नाही. दहिवडीच्या घरी उन्हात बसून गुडघ्यांना तेल लावून घ्या. काकूंचे हळदीचे डबे त्यांना परत द्या. डॉक्टरांनी गोड कमी सांगितलंय, ते पाळा, मी काकूंना फोन करून विचारणार आहे. गावातल्या पोरींना पडायला शिकवा, बर्फ नसला तरी जमेल तुम्हाला.

आणि एक नियम तुम्हीच मला शिकवलात, तो मी विसरलेली नाही. बाहेर गेलेला गोलकीपर घरी जात नाही. गोल झाला की तो परत आत येतो. पुढच्या हिवाळ्यात अंतिम सामना आहे. नबीलसाहेबांनी तुमच्या व्हिजिट व्हिसाचा कागद स्वतःच्या हाताने भरून ठेवला आहे, नाव चुकीचं लिहिलं होतं ते मी दुरुस्त केलं. तुमचं जुनं टेबल आम्ही कुणाला हलवू दिलेलं नाही. आज सकाळी मी डावी कड ठोकली, उजवी ठोकली, दोन्ही खांब जागेवर आहेत. फक्त उशीर करू नका, साहेब.